मंडई आणि चित्रमहोत्सव

आपल्याकडे चित्रपटाचा इतिहास ज्यांनीं ज्यांनीं लिहिला, त्यांनीं तो चित्रपट काढणारांचा लिहिला. दादासाहेब फाळके यांनीं ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला येथपासून प्रारंभ करावयाचा, मग कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, पुण्याची ‘प्रभात’, रंगपट, दूरचित्रवाणी असे टप्पे घ्यावयाचे, आणि शेवटीं, लेखक ज्या दशकांत बसला असेल त्याप्रमाणें, मराठी चित्रपटाच्या ऱ्हासाबद्दल एक सुस्कारा किंवा उदयाबद्दल एक जयघोष करून लेखणी खालीं ठेवावयाची, असा साधारण परिपाठ आहे. ह्या इतिहासांत प्रेक्षक येतो तो केवळ आंकड्याच्या रूपानें. अमुक चित्रपट अमुक आठवडे चालला, एवढेंच. तो प्रेक्षक कोण होता, कोणाबरोबर आला होता, घरीं परततांना वाटेंत काय बोलला, ह्याची दखल कोणी घेतलेली नाहीं.

मोठ्या भांडवलाच्या बोलपटांपुरतें हें चालून जाईल, कारण तिकीटविक्री हाच त्यांचा निवाडा. परंतु ज्यांस आतां ‘स्वतंत्र चित्रपट’ म्हणतात, म्हणजे जे एखाद्या बड्या संस्थेच्या तिजोरींतून न निघतां एकट्यादुकट्याच्या हट्टांतून आणि उसनवारींतून निघतात, त्यांच्या बाबतींत प्रेक्षक वगळला तर इतिहासच हातीं लागत नाहीं. हे चित्रपट आठवड्यांच्या हिशेबानें क्वचितच जगले. कोणत्या तरी गांवीं, कोणत्या तरी दिवाणखान्यांत किंवा महोत्सवाच्या मंडपांत, चार मित्रांनीं मिळून ते पाहिले आणि त्यांवर ते भांडले, म्हणून जगले. ह्या पाहणारांच्या इतिहासाचे कांहीं धागे येथें जुळवून पाहावेत असा विचार आहे. मी राहतों तें अर्जुनी मोरगांव हें गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण अंगाचें तालुक्याचें ठिकाण, गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें. चित्रमहोत्सवाचा आणि ह्या गांवाचा संबंध काय, अशी शंका वाचकांस येईल. ती रास्त आहे. तिचें उत्तर लेखाच्या ओघांत येईलच.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, ‘स्वतंत्र’ हें विशेषण नवें असलें तरी वस्तु नवी नाहीं. आपला चित्रपट जन्मला तोच स्वतंत्र. फाळके यांनीं ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट मुंबईंत पाहिला आणि त्यांच्या मनानें घेतलें, ही कथा शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. परंतु तिचा एक भाग सहसा सांगितला जात नाहीं. तो चित्रपट पाहून आल्यावर त्यांनीं पत्नी सरस्वतीबाई यांस तोच चित्रपट दाखविण्यास नेलें. एकट्यानें पाहिलेलें त्यांस पुरेसें वाटलें नाहीं. पुढें १९१२ सालीं विलायतेहून यंत्रसामग्री आणल्यावर भांडवल उभें करण्यासाठीं त्यांनीं एका कुंडींतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी अशी टिपली, आणि तो चिमुकला पट ओळखीच्या मंडळींस दाखविला. वाटाणा भराभर उगवतो, वेल होतो, हें पाहून त्यांतील एकानें कर्ज दिलें. भारतीय चित्रपटाचा पहिला प्रेक्षकवर्ग म्हणजे हीं घरांत जमलेलीं चार माणसें. कॉरोनेशनची गर्दी मागाहूनची.

‘प्रभात’चीहि गोष्ट फारशी वेगळी नाहीं. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत काम करणारे दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले, सीताराम कुलकर्णी यांनीं पैशाचें पाठबळ दिलें, आणि १९२९ सालीं नवी संस्था उभी राहिली. पुढें ती मोठी झाली, पुण्यास गेली, आणि मोठ्या संस्थांचे सर्व गुणदोष तिच्या अंगीं आले. पण आरंभ पांच स्नेह्यांचाच. ह्याच ‘प्रभात’च्या दामले-फत्तेलाल जोडीनें काढलेला ‘संत तुकाराम’ १९३६ सालीं झळकला आणि पुढच्याच वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला.

व्हेनिसचा हा महोत्सव जगांतील पहिला. १९३२ च्या ऑगस्टांत लिडो बेटावरील एका हॉटेलाच्या गच्चींत तो सुरू झाला. तेव्हां इटलींत मुसोलिनीची सत्ता होती, आणि पुढें पुढें पारितोषिकें देतांना राजकारण कसें शिरलें हें सर्वश्रुत आहे. त्या वातावरणांत, देहूच्या एका वाण्याची, त्याच्या संसाराची आणि त्याच्या अभंगांची कथा, कोणताहि डामडौल न करितां सांगणारा चित्रपट तेथील परीक्षकांस भावला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. विष्णुपंत पागनीस यांचें गाणें त्यांस शब्दशः कळणें शक्यच नव्हतें. मला वाटतें, त्यांनीं पाहिला तो गांव: म्हशीला हांकणारी, नवऱ्यावर करवादणारी आणि त्याच्यावर जीव टाकणारी जिजाई. आज महाराष्ट्र सरकारतर्फे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत उत्कृष्ट मराठी चित्रपटास जें पारितोषिक दिलें जातें, त्यास ‘संत तुकाराम’ हेंच नांव आहे. नांवें देतांना सरकारें क्वचितच इतकें नेमकें सुचवितात.

महोत्सव हा उत्सव. तो वर्षांतून एकदां येतो. मधल्या अकरा महिन्यांत काय? ह्या प्रश्नाचें उत्तर लंडनमध्यें १९२५ सालीं ‘फिल्म सोसायटी’ काढून कांहीं तरुणांनीं दिलें होतें. वर्गणी भरावयाची, रविवारीं एक चित्रगृह भाड्यानें घ्यावयाचें, आणि बाजारांत न येणारे किंवा सरकारनें अडविलेले चित्रपट सभासदांपुरते दाखवावयाचे. सार्वजनिक खेळास बंदी असलेला आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’ १९२९ सालीं लंडनकरांनीं असाच पाहिला. आपल्याकडे ह्या कल्पनेनें खरें मूळ धरलें तें कलकत्त्यास. १९४७ सालीं, स्वातंत्र्यानंतर दोनच महिन्यांच्या आंत, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांचे स्नेही यांनीं कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापिली. ज्या मंडळींत बसून वर्षानुवर्षें परकीय चित्रपट पाहिले, त्यांवर चहाच्या पेल्यांत वादळें उठविलीं, त्याच मंडळींतील एकानें १९५५ सालीं ‘पथेर पांचाली’ दिला. एका चांगल्या प्रेक्षकमंडळाचें याहून मोठें पीक कोठें आलेलें मला ठाऊक नाहीं.

ह्या दोहोंच्या मध्यें १९५२ साल येतें, आणि तें विस्तारानें सांगण्याजोगें आहे. त्या वर्षीं २४ जानेवारीस मुंबईंत आपल्या देशांतला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रमहोत्सव भरला; नंतर तेच चित्रपट मद्रास, दिल्ली आणि कलकत्ता येथें फिरले. देश नुकताच प्रजासत्ताक झालेला, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकांचें मतदान अजून चाललेलें, धान्य शिधापत्रिकेवर. अशा काळांत वीसांहून अधिक देशांचे चित्रपट मागवून ते लोकांस दाखवावे असें फिल्म्स डिव्हिजन ह्या सरकारी खात्यास सुचलें, ह्याचें मला आजहि कौतुक वाटतें. आपल्या बाजूनें मांडलेल्या चित्रपटांत राज कपूर यांचा ‘आवारा’ होता आणि मराठींतून शांताराम यांचा ‘अमर भूपाळी’ होता. पण ज्यानें घाव घातला तो इटलीचा, व्हित्तोरिओ द सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’. त्याची कथा सांगावयास एक वाक्य पुरे: बेकार माणसास नोकरी मिळते, तीस सायकल लागते, पहिल्याच दिवशीं ती चोरीस जाते, आणि तो आपल्या मुलाचा हात धरून रोम शहरभर ती शोधीत हिंडतो. ना मोठे नट, ना उभारलेले देखावे, ना सुखान्त. बिमल रॉय यांनीं तो पाहिला, आणि १९५३ सालीं ‘दो बिघा जमीन’ आला. आपल्या चित्रव्यवसायांतील पुष्कळांच्या ध्यानांत तेव्हां प्रथमच आलें कीं, रस्ता हाहि एक रंगमंच आहे आणि त्याचें भाडें पडत नाहीं.

सायकल हरपणें म्हणजे काय, हें ज्या तालुक्यांत शाळा, बाजार आणि स्टेशन तिघेंहि सायकलच्या अंतरावर असतात, तेथें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. हें वाक्य मीं मुद्दाम लिहिलें आहे. ‘असले चित्रपट खेड्यांतल्या लोकांस कळावयाचे नाहींत’ हा समज आपल्या शिक्षित वर्गांत इतका दृढ आहे कीं, त्याची तपासणी करण्याचीहि कोणास गरज भासत नाहीं.

पन्नास आणि साठ ह्या दशकांत संस्थांची उभारणी झाली ती थोडक्यांत सांगतों. १९५९ सालीं निरनिराळ्या शहरांतील फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला आणि सत्यजित राय त्याचे अध्यक्ष झाले. १९६० सालीं पुण्यास, बंद पडलेल्या ‘प्रभात’च्याच आवारांत, चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था निघाली. १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, पी. के. नायर यांनीं तें अक्षरशः डबा डबा गोळा करून भरलें. २०१६ सालीं ते वारले. आज आपणांस फाळके यांच्या कामाचे जे अवशेष पाहावयास मिळतात, त्यांचें बरेंचसें श्रेय त्यांच्या डबे हुंगण्याच्या व्यसनास आहे. मुंबईंत १९६८ सालीं ‘प्रभात चित्र मंडळ’ निघालें, आणि सुधीर नांदगांवकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यानें त्यापायीं आयुष्य वेंचलें. गंभीर चित्रपटांविषयीं मराठींतून लिहावें, मराठींतून बोलावें, ही संवय पुष्कळांस ह्या मंडळानें लाविली.

येथें एक गोष्ट लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. सोसायट्यांच्या खेळांस परिनिरीक्षणाच्या कात्रीपासून सवलत मिळे, आणि त्यामुळें कित्येक शहरांत सभासदांची संख्या एकाएकी वाढली, ती बर्गमनच्या तत्त्वचिंतनाकरितां नव्हे. नको तीं दृश्यें संपलीं कीं अर्धी खोली रिकामी होई, असें जुनी मंडळी हसून सांगतात. तरीहि उरलेली अर्धी खोली बसून राही, आणि आपला इतिहास त्या उरलेल्यांचा आहे.

ही चळवळ मात्र रेल्वेच्या मोठ्या जंक्शनांवरच थांबली. मुंबई, पुणें, नाशिक, नागपूर. त्यापलीकडे ती तुरळक गेली. खेड्यांत आणि निमशहरांत चित्रपट गेला तो फिरत्या तंबूंतून. जत्रांच्या मागोमाग मालमोटारींतून यंत्र, पडदा आणि तंबू घेऊन हिंडणाऱ्या ह्या टूरिंग टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनीं ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा उत्कृष्ट माहितीपट केला. २०१६ सालीं कान येथें त्याचा गौरव झाला. पण तंबूवाला बिचारा पोटासाठीं फिरणारा. तो जें चालेल तेंच दाखविणार.

खेड्यांत दुसरेंहि कांहीं चालतें, हें पाहावयाचें असेल तर कर्नाटकांत जावें लागतें. शिवमोग्गा जिल्ह्यांत हेग्गोडु नांवाचें सुपारीच्या बागांत दडलेलें एक लहानसें गांव आहे. तेथें १९४९ सालीं ‘नीनासम्’ ही नाट्यसंस्था निघाली. तिचे प्राण के. व्ही. सुब्बण्णा यांनीं सत्तरच्या दशकांत गांवीं चित्रमंडळ काढलें, पुण्याच्या संग्रहालयांतून ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’, ‘बायसिकल थीव्ह्ज’ यांच्या प्रती मागविल्या आणि बागायतदार, मजूर, बायाबापड्या यांस दाखविल्या. पुण्याचे प्रा. सतीश बहादूर तेथें जाऊन रसग्रहणाचे वर्ग घेत. लोक पळून गेले नाहींत. त्यांनीं प्रश्न विचारले. एक गोष्ट चार साक्षीदार चार तऱ्हांनीं सांगतात, हा ‘राशोमोन’चा प्रकार शहरी पंडितांस गूढ वाटला असेल, ज्यानें बांधावरून भांडण करून कोर्टाची पायरी चढली आहे, त्यास त्यांत गूढ तें काय? सुब्बण्णांस १९९१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

हेग्गोडूस जें जमलें तें आम्हांस कां जमूं नये, असें जेव्हां कोणी विचारतो तेव्हां मी म्हणतों, आमच्याकडे तर अर्धें काम आधींच झालेलें आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांच्या धानाच्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. येथें दिवाळींत गायगोधन झालें, भाऊबीज झाली, कीं मंडई सुरू होते. प्रत्येक गांवाची मंडई ठराविक दिवशीं, शेजारच्या गांवाशीं टक्कर होणार नाहीं अशा बेतानें. हलकें धान घरांत आलेलें असतें, हातांत थोडा पैसा असतो. घरोघरीं पाहुणे येतात, लेकी माहेरीं येतात, रस्त्याच्या दोहों बाजूंस मिठाईचीं, बांगड्यांचीं आणि उकडलेल्या शिंगाड्यांचीं दुकानें लागतात. आणि रात्रीं नाटक. नाटक म्हणजे दोन-अडीच तासांचा शहरी खेळ नव्हे. रात्रीं दहाच्या पुढें पडदा वर जावयाचा आणि कोंबडा आरवण्याच्या सुमारास खालीं यावयाचा. गांव आणि पंचक्रोशी, लहान मुलें कुशींत घेऊन, ब्लँकेटें पांघरून, थंडींत बसलेली असते.

ह्या परंपरेचें मूळ दंडारींत आणि खडी गंमतींत आहे. झाडीबोली आणि तिच्या लोककला यांचा अभ्यास साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं निष्ठेनें केला, तो ज्यास ह्या विषयाची गोडी असेल त्यानें अवश्य पाहावा. नाटकमंडळ्यांची पेठ म्हणजे वडसा, आमच्या स्टेशनापासून रेल्वेनें थोडक्याच अंतरावर. हंगामांत तेथें मंडळ्यांच्या कचेऱ्या गजबजलेल्या असतात. ह्या रंगभूमीवर उभा जन्म काढणारे परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां पुण्यामुंबईच्या पुष्कळ सुशिक्षितांनीं झाडीपट्टीचें नांव प्रथम ऐकलें. ज्या रंगभूमीस नाट्यगृह नाहीं, अनुदानाचा भक्कम टेकू नाहीं, आणि तरीहि जी आपल्या प्रेक्षकांच्या पैशावर दरसाल उभी राहते, तिच्या प्रेक्षकास ‘अडाणी’ म्हणावयास धाडस लागतें. रात्रभर एका जागीं बसून कथा ऐकण्याची ताकद आमच्या महाविद्यालयीन वर्गांत मला तासभरहि आढळत नाहीं. ह्या नाटकांची मी भलावण करीत आहें असें मात्र कोणी समजूं नये. त्यांत भडकपणा आहे, नाचगाण्यांचा अतिरेक वाढत चालला आहे, आणि विनोद पुष्कळदां ऐकवत नाहीं. मी बोलतों आहें तो प्रेक्षकांविषयीं.

मंडईचें आणखी एक काम आहे, आणि तें आमच्या विषयास पुढें उपयोगी पडेल. येथें सोयरिकी जुळतात. पाहुण्यांच्या निमित्तानें मुली दिसतात, मुलें दिसतात, वडीलधारीं माणसें चहा पितां पितां अंदाज घेतात, आणि नाटकाच्या दुसऱ्या दिवशीं कोणाच्या तरी घरीं पोहे होतात.

आतां आमच्या मित्रमंडळाविषयीं दोन शब्द लिहितों, कारण पाहणारांचा इतिहास लिहावयाचा म्हटलें कीं, स्वतः पाहिलेले पाहणारे वगळतां येत नाहींत. गोंदियाहून कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नांवाची एक संथ गाडी आहे. विदर्भाच्या पूर्व टोंकास निघून पुण्यावरून कोल्हापुरास पोंचणारी ही गाडी म्हणजे मराठी चित्रपटाच्या इतिहासाचाच उलटा प्रवास, असें मी विनोदानें म्हणत असतों. हिनेंच आम्ही चौघे पुण्याच्या महोत्सवास जातों: एक वकील, एक राइस मिलचे मालक, एक निवृत्त स्टेशनमास्तर आणि मी. मास्तरांबरोबर वहिनीहि येतात. मिलवाले मित्र चित्रपट सुरू झाला कीं दहा मिनिटांत घोरूं लागतात. मात्र गोष्टींतला कळीचा प्रसंग आला कीं ते कसे कोण जाणे जागे होतात आणि नंतरच्या वादांत आमच्याहून अधिक ठामपणें बोलतात.

पुण्याचा हा महोत्सव डॉ. जब्बार पटेल यांच्या पुढाकारानें २००२ सालीं सुरू झाला. त्याच वर्षीं मुंबईंत आशियाई चित्रपटांचा ‘थर्ड आय’ निघाला, आणि २००४ पासून देशाचा आंतरराष्ट्रीय महोत्सव गोव्यास स्थिरावला. म्हणजे मराठी माणसास आतां चित्रपट पाहावयास मिळत नाहीं अशी तक्रार उरलेली नाहीं. तक्रार निराळी आहे. गळ्यांत ओळखपत्र अडकवून, हातांत वेळापत्रक धरून, दिवसाकांठीं पांच पांच चित्रपट गिळण्याची जी एक शर्यत तेथें लागते, तींत पाहणें राहतें आणि नोंद होते. रांगेंत उभीं असलेलीं माणसें पाहिलेल्या चित्रपटाविषयीं बोलत नाहींत, चुकलेल्या चित्रपटाविषयीं हळहळतात. आम्ही दिवसाला दोहोंच्या वर जात नाहीं. उरलेला वेळ चहास आणि भांडणास.

एका वर्षीं मास्तरांनीं आमच्याबरोबर ‘पथेर पांचाली’ पाहिला. त्यांत अपू आणि दुर्गा ही भावंडें पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतांतून धांवत जाऊन आगगाडी पाहतात तो प्रसंग प्रसिद्धच आहे. त्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. बाहेर आल्यावर मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “प्राध्यापक, छत्तीस वर्षें मीं गाडीला निशाण दाखविलें. शेतांतून ती कशी दिसत असेल हें आज कळलें.” ग्रंथांतून हें वाक्य मला मिळालें नसतें.

मराठींत ह्या जातीच्या चित्रपटांची परंपरा मधूनमधून तुटली तरी संपली नाहीं. सत्यदेव दुबे यांचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९७१ चा. तेंडुलकरांनीं लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनीं केलेला ‘सामना’ १९७५ सालीं बर्लिनच्या स्पर्धेंत गेला. पुढें मोठा खंड पडला. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळाल्यावर तब्बल पन्नास वर्षांनीं, २००४ सालीं, संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मिळाला, आणि त्यास अमेरिकेस पाठविण्याकरितां लोकांनीं वर्गणी गोळा केली. चित्रपटासाठीं वर्गणी! फाळके असते तर त्यांचे डोळे पाणावले असते. नंतर नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. मग २०१४ सालीं चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला व्हेनिस येथें दोन पारितोषिकें मिळालीं. ‘तुकाराम’ नंतर सत्त्याहत्तर वर्षांनीं पुनः तेंच लिडो बेट. ‘कोर्ट’मध्यें लोकशाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे आमच्या नागपूरचे, आंबेडकरी चळवळींतले कार्यकर्ते; नटाचा धंदा त्यांनीं कधीं केलेला नव्हता. २०२१ च्या साथींत ते गेले.

आणि मग २०२३ सालीं आमच्या दारांतूनच एक चित्रपट टोरोंटोस गेला. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’चें चित्रण विदर्भांतल्या डोंगरगांव ह्या खेड्यांत झालें, पडद्यावरचीं माणसें बहुतेक तिकडचींच, कधीं कॅमेऱ्यापुढें न उभीं राहिलेलीं. टोरोंटोच्या महोत्सवांत त्यास आशियाई चित्रपटांसाठींचें पारितोषिक मिळालें. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची सविता नांवाची कॉलेजांत शिकणारी मुलगी, आणि तिला पाहावयास येणारे पाहुणे, एवढाच विषय. चित्रपटाच्या आरंभींच्या स्वप्नांत उलटा प्रकार दिसतो: बायका खुर्च्यांवर बसल्या आहेत आणि मुलगा खालीं मान घालून उत्तरें देतो आहे. प्रेक्षक हंसतात. मग तेंच दृश्य सुलट होतें, आणि पुनः पुनः येतें. तीच बैठक, तेच प्रश्न, नांव काय, उंची किती, शिक्षण काय. हंसणारे हळूहळू थांबतात. स्त्रियांच्या उन्नतीवर वर्गांत सुंदर व्याख्यान देणारे समाजशास्त्राचे एक प्राध्यापकहि त्यांत आहेत. आमच्या व्यवसायबंधूंनीं त्यांच्याकडे विशेष लक्षपूर्वक पाहावें.

हा चित्रपट आम्ही सर्वांनीं मिळून पाहिला तेव्हां नंतरचें भांडण झालेंच नाहीं. वकीलसाहेबांनीं तरुणपणीं सात मुली पाहिल्या होत्या, हें ते पूर्वीं स्वतःच चेष्टेनें सांगत. त्या दिवशीं त्यांनीं चहाहि अर्धा टाकला. मिलवाले मित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जागे होते. त्यांच्या दोन मुलींचीं लग्नें व्हावयाचीं आहेत. वहिनी इतकेंच म्हणाल्या, “माझ्या आईनें अकरा वेळां पोहे केले होते. बाराव्या वेळीं हे आले.” मास्तरांनीं हें चाळीस वर्षांच्या संसारांत प्रथमच ऐकलें.

मला त्या क्षणीं महोत्सवाचा खरा उपयोग उमगला, आणि त्याचबरोबर त्याची मर्यादाहि. आम्ही पांच माणसांनीं हा चित्रपट पाहिला. टोरोंटोच्या सुविद्य लोकांनीं पाहिला. पण ज्या मंडईंत ह्या बैठका प्रत्यक्ष जुळतात, तेथें रात्रभर बसणाऱ्या हजारों माणसांपुढें तो येण्याची व्यवस्था नाहीं. १९३७ सालीं देहूचा गांव व्हेनिसला दिसला, त्यापूर्वीं तो महाराष्ट्रानें डोळे भरून पाहिला होता. आतां क्रम उलटला आहे. चित्रपट गांवांतून निघतो, जगभर मान मिळवितो, शहरांच्या चित्रगृहांत एखाददोन आठवडे दर्शन देतो, आणि ज्या अंगणांत तो जन्मला तेथें परतत नाहीं. ‘स्थळ’ २०२५ च्या मार्चांत चित्रगृहांत लागला, तेव्हां पाहण्यासाठीं खेड्यांतल्या माणसानें किती कोस जावें, हा हिशेब कोणी केला नाहीं. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहतां येईल असें सांगणारे भेटतात. पाहतां येईल, पण एकट्यानें. जो चित्रपट सासूनें सुनेच्या शेजारीं बसून पाहावयाचा, तो दोघींनीं आपापल्या खोलींत पाहिला तर काय साधलें?

ह्या विचारानें मीं गेल्या हंगामांत वडशाच्या एका नाट्यमंडळाच्या चालकाशीं गोष्ट काढली. मंडप तुमचा, लोक तुमचे, वीज तुमची. पडदा आणि यंत्र आम्ही आणूं. रीतसर परवानगी काढूं. तुमच्या नाटकाच्या रात्रीं हा दोन तासांहून कमी लांबीचा चित्रपट दाखवूं द्याल कां, असें विचारलें. महाविद्यालयांतील एका सहकाऱ्यानें मला आधींच बजाविलें होतें कीं, ज्यांत गाणें नाहीं तें हे लोक दहा मिनिटें पाहणार नाहींत. चालकानें गाण्याविषयीं विचारलेंच नाहीं. त्यानें विचारलें, “सर, त्या पिच्चरमंदी बोली कोनची हाय?”

मीं सांगितलें, विदर्भातलीच, चांद्याकडची.

तो थोडा वेळ हिशेब करीत राहिला. मग म्हणाला, “तर मंग आठ वाजता लावा. नाटकाच्या आंधी. नाटकाच्या मांगून नोका लावू, मांगून लोकं घरी जातेत. अन् आंधी लावला, तं रातभर मंडपात तेच बोलत बसतीन.” एवढें बोलून त्याच्या कपाळाला आठी पडली, आणि त्यानें विचारलें कीं, मग त्याच्या नाटकाकडे लक्ष कोण देईल.